गऱ्या, जवसाचं तेल आणि माझी इंजिनियरगिरी

मागच्या रविवारी शेजारचे काका पेपर मागायला आले आणि बाल्कनीतला पसारा पाहून दारातच थांबले. खाली जुन्या पेपरवर ऐंशी-नव्वद गळ रांगेत मांडलेले, बाजूला बारीक कानस, एका वाटीत कापूस, एका झाकणात जवसाचं तेल, आणि मी मधोमध मांडी घालून. काका म्हणे, "पूजा आहे का काही?" मी म्हटलं हो काका, मत्स्यावतार. पेपर घेतला आणि निघून गेले, प्रसाद पण नाही मागितला.

तर झालं असं की बऱ्याच जणांनी विचारलं तू मासेमारीच्या सामानाचं काय करून राहिला, तुझी नोकरी तर हिंगणा एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या विभागात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो. आम्ही ढिवर, म्हणजे पिढीजात मासेमार. मी नागपुरात वाढलो, माझ्या हाताला डाय आणि पंचची सवय, पण मामा अजून कुही तालुक्यात असतात, गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याच्या काठी, आणि त्यांच्या संस्थेकडून त्यांना मासेमारी आहे. जाळं तर आहेच, पण मामांचा खरा जीव लांब दोरीवर. ज्याला लाँगलाईन म्हणतात ती. एक मेन दोरी, तिला ठरावीक अंतरावर फाटे, प्रत्येक फाट्याच्या टोकाला गळ. संध्याकाळी टाकायची, पहाटे उचलायची. मामा गळाला गरी म्हणतात, तर मीही आता गरीच म्हणतो.

समुद्रातली लाँगलाईन म्हणजे वेगळाच कारभार आहे. ट्यूनासाठी टाकतात ती मेन दोरी कितीतरी किलोमीटर लांब, त्यावर हजार-दोन हजारच्या वर गळ, ओढायला मशीन. आमची मामांची दोरी शंभर वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत जेवढं होतं तेवढं, साधारण सहा फूट. एका वावेला एक फाटा, फाटा हातभर. हातभरच काहून तर दोन फाट्यांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून फाटा लहान पाहिजे, नाहीतर शेजारचे दोन गळ एकमेकात अडकतात आणि पहाटे अंधारात बोटीत बसून ते सोडवावं लागतं. मी एकदा सोडवलंय. त्या दिवशी मला माझी एसी टूलरूम फार आठवली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो.

तीन-चार वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता मामांकडे गेलो तर त्यांच्या डब्यात दीडेकशे गऱ्या पडलेल्या, सगळ्या तांबूस, गंजलेल्या. मामा म्हणे टाकून देतो. मी म्हटलं टाकता कशाला मामा, माझ्याकडे द्या, मी चकाचक करून आणतो, आमचं कामच आहे हे. आणि घेऊन आलो नागपूरला. घरी संडास साफ करायचं अॅसिड होतं, म्हणजे हायड्रोक्लोरिकच ते, प्लॅस्टिकच्या मगात ओतलं, गऱ्या टाकल्या आणि झोपलो. सकाळी पाहतो तर काय, एकदम चांदी! धुतल्या, पुसल्या, पुढच्या रविवारी मामांना नेऊन दिल्या, भाव खात.

त्या आठवड्यात मामांच्या दोरीवर अकरा गऱ्या तुटल्या. वाकल्या नाही, तुटल्या. बरोबर वाकातून, काचेसारख्या कडक्कन. मामांनी एक तुकडा माझ्यासमोर धरला, तुटलेला भाग करडा, दाणेदार, कुठे ताणल्याची खूण नाही. आणि तो पाहिल्याबरोबर मला घाम फुटला कारण हे मला माहीत असायला पाहिजे होतं. आमच्याकडे प्लेटिंगला, म्हणजे धातूचा मुलामा द्यायला, जाणाऱ्या कडक स्प्रिंगांसोबत हेच होते. कडक हाय-कार्बन स्टील अॅसिडमध्ये ठेवलं की गंज तर जातो, पण त्या रिअॅक्शनमध्ये निघणारा हायड्रोजन स्टीलच्या आत शिरतो आणि ते ठिसूळ होते, हायड्रोजन एम्ब्रिटलमेंट म्हणतात त्याले. म्हणूनच प्लेटिंगवरून आलेले कडक पार्ट लगेच भट्टीत दोनशे डिग्रीच्या आसपास काही तास ठेवतात, तो हायड्रोजन बाहेर निघावा म्हणून. हे मी दुसऱ्यांना शिकवतो. आणि घरी रात्रभर मगात ठेवून झोपलो.

मामा काही बोलले नाही. तुम्हाला माहीत असेल, आमच्याकडे पूर्व विदर्भात भाच्याला मान असते, मामा भाच्याच्या पाया पडतात. तर मामा खरंच खाली वाकले, माझ्या पायाला हात लावला आणि म्हणे, "पाया पडतो बाबू, पन माह्या गऱ्याले हात नको लावू."

पण मी काय ऐकणाऱ्यातला. दोन महिन्यांनी दुसरा प्रयोग. या वेळी धार. वापरलेल्या पण चांगल्या पन्नास गऱ्या घेतल्या आणि कंपनीत जेवणाच्या सुट्टीत बेंच ग्राइंडरवर एकेकीचं टोक लावलं. टोक असं झालं की बघायलाच नको, सुईसारखं. फक्त टोकाला जरासा निळा रंग आला होता. आता ज्यानं कधी हीट ट्रीटमेंट पाहिली त्याला निळा रंग म्हणजे काय ते सांगायला नको: ते टोक तीनशे डिग्रीच्या आसपास जाऊन आलं, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरला. बारीक तारेचं टोक, त्यात लोखंड किती असते, ग्राइंडरला नुसतं टेकलं की सेकंदात तापते. त्या गऱ्या तुटल्या नाही, या वेळी टोकं मुडपली. शिंगाड्याच्या जबड्यात टोक रुतायच्या ऐवजी वळून गेलं. (शिंगाडा म्हणजे मासा बरं का, मिशीवाला, उपासाचा नाही. तो उपासाचा पण आमचेच लोक तलावात लावतात, तो वेगळा विषय.)

यानंतर मी गुपचूप मामांच्या बाजूला बसून ते काय करतात ते पाहायला लागलो. आणि तेच लिहायसाठी हा एवढा पसारा.

पहिली गोष्ट, दोरी उचलली की मामा तिथंच उरलेला चारा गरीवरून काढतात. गांडूळ असो, कोंबडीचं आतडं असो, कणकेचा गोळा असो, ठेवायचं नाही. मला वाटायचं वासासाठी. वास तर आहेच, मांजरी डब्यावर बसून राहतात, पण खरं म्हणजे आतड्यातलं पाणी खारट असते आणि चारा ओला चिकटून राहतो, गंज बरोबर त्याच्याखाली, टोकामागच्या उलट्या काट्याजवळ, सुरू होतो. जिथं नको तिथंच. माझा एक कलिग रत्नागिरीचा आहे, तो म्हणतो त्यांच्याकडे तर समुद्राचं मीठ, गोड्या पाण्यानं धुतल्याशिवाय सामान आत येऊच देत नाहीत, मीठ हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीतून काम करते. आमच्याकडे मीठ नाही, पण आमच्याकडे नाग नदी आहे. तुमचं-आमचं नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला जाते, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत, आणि तिथून गोसेखुर्दचा फुगवटा. आंभोऱ्याला आता तो मोठा पूल झाला, लोक वर जाऊन सेल्फी काढतात, पाच नद्यांचा संगम म्हणून चैतन्येश्वराला जातात, चांगलंच आहे. पण खाली पाण्यात दोरी टाकणाऱ्याला विचारा. जलपर्णीचे गठ्ठे येतात, फाट्यांना गुंडाळतात, दोरीवर असा काळपट चिकट थर बसतो की हातातून सटकते. तो थर वाळला की निघत नाही, म्हणून ओली असतानाच दोरी पोत्याच्या तुकड्यातून ओढून घ्यायची. मामांकडे पोत्याचा एक तुकडा त्याच कामाचा, आता तो इतका कडक झाला की उभा राहतो.

मग गऱ्या डब्याच्या काठाला. मामांचा डबा म्हणजे जुना प्लॅस्टिकचा टब, त्याच्या काठावर बागेत पाणी द्यायचा पाइप उभा चिरून बसवलेला, पूर्ण गोल. दोरी टबात आत गोल गोल पडत जाते आणि फाटा आला की त्याची गरी काठावरच्या पाइपमध्ये खोचायची, क्रमानं, एकही पुढंमागं नाही. टाकताना तशीच उलट्या क्रमानं निघते. मी म्हटलं मामा हे तर फिक्श्चर झालं, आमच्याकडे पार्ट जागेवर धरून ठेवायला असते तसं. म्हणे काय? म्हटलं काही नाही.

टोक पाहायची पद्धत सोपी आहे, अंगठ्याच्या नखावर गरीचं टोक हलकं ठेवून ओढायचं. रुतलं, ओरखडा निघाला, तर चांगली. घसरली तर बोथट. जोर नाही लावायचा, नाहीतर नखाची परीक्षा होते. बोथट असेल तर बारीक त्रिकोणी कानस, हातानं, ग्राइंडर नाही, आणि एकाच दिशेनं, आतून टोकाकडे. मामा मागंपुढं घासू देत नाहीत. तीन बाजूंनी दोन-दोन हात मारले की टोकाला तीन धारा येतात आणि ते गोल टोकापेक्षा चांगलं शिरते. बस. पण कानस लागली की वरचं पॉलिश गेलं, कथील असो की निकेल, आणि आतलं उघडं स्टील हवेत आलं. म्हणून एक गरी दोनदा कानशीवर आली की तिसऱ्यांदा नाही, सरळ बाद. आणि ज्या गरीवर गंजाचे खड्डे दिसतात ती तर पहिल्यांदाच बाद, वरवरचा लालसर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरनं जाते, खड्डा जात नाही, खड्ड्यातूनच तुटते. मी दीडशे गऱ्या वाचवायला निघालो होतो, त्यातल्या निम्म्या वाचवायच्या लायकीच्याच नव्हत्या, मामा म्हणत होते टाकतो म्हणून, आणि मला वाटलं म्हाताऱ्याला काय कळते.

कोणी म्हणेल मग स्टेनलेसच्याच घ्या ना. घेऊन पाहिल्या. गंजत नाहीत हे खरं, पण टोक लवकर बसते, आणि मामांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटला. मासा फाटा तोडून गरी तोंडात घेऊन गेला तर साधी गरी गंजून कधी ना कधी गळून पडेल, ही स्टेनलेसची त्याच्या तोंडात तशीच राहणार. समुद्रात तर गळाच्या आकाराचाही विचार करतात, गोल वळलेला, टोक आत दांडीकडे आलेला गळ, सर्कल हूक, तो समुद्री कासवांच्या घशात कमी अडकतो म्हणून बऱ्याच ठिकाणी लाँगलाईनला तोच लावतात. आमच्याकडे मामांनी काही सर्कल लावून पाहिल्या, त्यांना आवडल्या कारण मासा स्वतःच अडकतो, झटका द्यायला दोरीवर कोणी बसलेलं नसतंच. पण त्यांना धार लावायची झाली तर कानस आत जात नाही, टोक आत वळलेलं. तर ते प्रेम अर्धवटच राहिलं.

नंबरचं पण सांगून ठेवतो, पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा येडा झालो होतो. नंबर मोठा म्हणजे गळ लहान, दहा नंबर छोटा, दोन नंबर मोठा, एकपर्यंत. मग एकच्या पुढे एक-बाय-शून्य, दोन-बाय-शून्य, आणि तिथून नंबर वाढला की गळ मोठा. वायर गेजसारखंच, वायर पण नंबर वाढला की बारीक होते, तेव्हा मला लगेच कळायला पाहिजे होतं, पण दुकानदारासमोर डोकं चालत नाही. मुस्ताद नावाची नॉर्वेची कंपनी आहे, १८३२ सालची, ते १८७७ पासून गळ बनवून राहिले, त्यांच्याकडे पाहिलं तर कळते की एवढ्याशा वाकलेल्या तारेत किती प्रकार होऊ शकतात.

आता कापूस. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. बाल्कनीतल्या वाटीत कापूस पाहून बायको म्हणे तुला लागलं का. नाही. फाटा असतो मोनोफिलामेंट नायलॉनचा, एकच तार, आणि तो तुटतो कुठं तर गरीच्या वर दोन बोटं. मरळ माशाचे दात, शिंगाड्याच्या तोंडातला तो खरखरीत पट्टा, तळाचे दगड, सगळं तिथंच घासते. बारीक ओरखडा असतो, डोळ्याला दिसत नाही, माझ्या वयाच्या डोळ्याला तर नाहीच. मामा काय करतात, चिमूटभर कापूस घेतात, फाट्याला गुंडाळतात आणि गरीपासून वरपर्यंत ओढतात. जिथं ओरखडा तिथं कापसाचा तंतू अडकतो, पांढरा, लगेच दिसतो. मी टूलरूमला सरफेस टेस्टर वापरतो, सुई फिरवून खरखरीतपणा मोजणारा, लाखाच्या वर किंमत. मामा वाटीभर सरकीच्या कापसावर काम भागवतात. तंतू अडकला की तेवढा तुकडा कापायचा, गाठ नव्यानं मारायची. म्हणूनच फाटे मुळातच थोडे लांब बांधायचे, दोन-तीनदा कापायला जागा राहते.

गाठ मारताना थुंकी लावायची. हसू नका. नायलॉनची गाठ कोरडी ओढली की घासून तापते आणि तिथंच कमजोर होते. ओली करून हळू ओढायची. मग शेपूट कापायचं पण गाठीला टेकून नाही, जरासं ठेवून. मामा दांडीवर गुंडाळायची गाठ मारतात, म्हणजे तार गरीच्या डोळ्यातून, वरच्या भोकातून, घेऊन दांडीवर पाच-सहा वेढे, ओढ सरळ दांडीच्या रेषेत येते. मला ती अजून नीट जमत नाही, सहावा वेढा चौथ्यावर चढतो.

आणि ऊन. हे नागपूरवाल्यांना वेगळं सांगायला नको तरी मीच केलं ते. एक वर्षी मेमध्ये मामांचा एक जादा टब माझ्याकडे होता, मी गच्चीवर टिनाच्या शेडखाली ठेवला, अर्ध्यावर ऊन येत होतं. पंचेचाळीस-सेहेचाळीस डिग्रीचा नागपूरचा मे. जूनमध्ये पाहिलं तर सावलीतली दोरी मऊ, उन्हातली पांढरट, पावडर लावल्यासारखी. हातावर दोन वेढे घेऊन झटका दिला, तुटली. नायलॉनला ऊन खाते आणि ते दिसायला लागलं तोपर्यंत उशीर झालेला असतो. आता मी स्प्रिंगचा वजनकाटा ठेवलाय, भाजीवाल्याकडे असतो तसा, दर मोसमाला प्रत्येक दोरीचे तीन ठिकाणचे तुकडे ताणून पाहतो, आणि ओले करून पाहतो, कारण नायलॉन पाणी पिते आणि ओलं असताना त्याची ताकद जरा कमीच असते, मासा काही कोरड्या दोरीला लागत नाही. ही एक माझी सूचना मामांनी मान्य केली. काटा पण त्यांनीच ठेवून घेतला.

शेवटी तेल. मी इंजिन ऑइल म्हटलं होतं, मामांनी तोंड वाकडं केलं, म्हणे मासा वास घेते. त्यांच्या घरी जवसाचं तेल असतेच, विदर्भात जवस कोणाकडे नाही, चटणीला, भाजीला. गरी पुसून, वाळवून, तेलाच्या फडक्यातून फिरवायची आणि दोन-तीन दिवस सावलीत टांगायची. मला वाटलं खायचं तेल लावून काय होणार, चिकट होईल. चिकट होते आणि मग वाळते. तेच तर पाहिजे, जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन पातळ वॉर्निशसारखा पापुद्रा धरते, आपल्या लाकडी फर्निचरच्या पॉलिशमध्ये हेच असते. कानशीनं उघडं पडलेलं टोक झाकल्या जाते. एकच सांगतो, ते तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते गरम होते, बोळा करून ठेवलं तर स्वतःहून पेट घेऊ शकते, आणि आपल्या उन्हाळ्यात तर नकोच. पसरून वाळवा नाहीतर पाण्यात टाका. आमच्या कंपनीत सेफ्टीवाल्यांनी हे एकदा सांगितलं होतं, मी तेव्हा चहा पीत होतो बहुतेक.

माझं कंपनीतलं ज्ञान अगदीच वाया नाही गेलं. पार्ट गुंडाळून येतात तो व्हीसीआय कागद, त्यातून हळूहळू वाफ निघते आणि लोखंडावर बसते, गंजू देत नाही. स्क्रॅपमधले कागद विचारून घरी आणले, मामांच्या हवाबंद डब्यात खाली-वर घातले, बंद डब्यातच चालते ते, उघड्यावर उपयोग नाही. मागच्या पावसाळ्याच्या गऱ्या दसऱ्याला काढल्या तर जशाच्या तशा. मामांनी कागद उलटापालटा करून पाहिला, वास घेतला, घडी केली आणि म्हणे, "हा कागद असू दे." माझ्यासाठी हे प्रमोशन होतं.

आता बाल्कनीतल्या या नव्वद गऱ्यांतल्या बावीस बाद झाल्या, बाकीच्या तारेवर टांगल्या आहेत, बायकोच्या ओढण्यांपासून चार फूट लांब, त्याबद्दल वेगळी मीटिंग झाली. येत्या रविवारी कुहीला नेऊन देईन. गेलो की मामांकडे कोणीतरी पाहुणा बसलेला असतोच, आणि मामा तंबाखूची जुनी डबी उघडतात. तिच्यात माझ्या अॅसिडवाल्या गऱ्यांचे तुकडे आणि दोन निळ्या टोकाच्या गऱ्या कापसात ठेवलेल्या आहेत. पाहुण्याच्या हातावर एक एक ठेवतात, म्हणतात, "पाहा, आमच्या भाच्यानं केल्या. इंजिनियर हाये."